चंद्र आणि चावीवाला

काल रात्री पावणेदोनला पाणी आलं. सोलापूरच्या माणसाला एवढं वाक्य पुरतं, पुढचं काही सांगावं लागत नाही, कारण तोही त्याच आठवड्यात कुठल्यातरी गल्लीत असाच लुंगीवर बाहेर आलेला असतो. बाहेरगावच्यांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे साखर पेठेत पाणी रोज येत नाही. चार दिवसांनी येतं, उन्हाळ्यात पाच धरून चालायचं, आणि आलं की दोन-अडीच तास येतं. नेमकं कधी येणार ते एकाच माणसाला माहीत असतं, तो म्हणजे चावीवाला. लांब लोखंडी चावी घेऊन तो येतो, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण पायाने सरकवतो, चावी आत घालून दोन्ही हातांनी फिरवतो, आणि एका गल्लीची झोप संपवून दुसऱ्या गल्लीला झोपायला पाठवतो.

पाणी यायच्या आधी नळाला खोकला येतो. फस्स, फस्स, मग एक लांब सुस्कारा, मग लालसर गढूळ धार. तो सुस्कारा सगळ्यात आधी समोरच्या काकूंना ऐकू येतो, कशा काय झोपतात कुणास ठाऊक, आणि त्या ओरडतात "वच्चिनय, नीळ्ळु वच्चिनय!" त्यावर आतल्या खोलीतून आमची अव्वा, म्हणजे आई, वय एक्याऐंशी, कानाने कमी ऐकते पण हे बरोबर ऐकते, "नीर बंतु, एळो!" आणि कोपऱ्यावरचा पोरगा सगळ्या दारांवर थापा मारत जातो, "ए पाणी येऊलालंय बे, उठा!" तीन भाषांत पाणी आलं की मग गल्लीत मोटरींचा आवाज सुरू होतो आणि बोलणं संपतं.

क्रम ठरलेला. पहिली गढूळ धार कुंड्यांना. मग पिण्याचं, फडकं बांधून, स्टीलच्या पिंपात. मग हौद, मग बॅरल, मग वरची टाकी. सगळ्यात शेवटी दोन-चार बायका दारापुढची पायरी धुतात आणि ज्यांचं भरायचं राहिलंय त्यांच्या शिव्या खातात. हे पाणी येतं कुठून, तर उजनी धरणातून, शंभर किलोमीटरच्या वर लांबून. काही थेट पाइपलाइनीतून येतं, काही भीमेत सोडून टाकळीला उचलतात, आणि एवढा प्रवास करून ते आमच्या नळात येऊन खोकतं.

तर काल मी हौदात पाइप सोडून कट्ट्यावर बसलो होतो, पेंग येत होती, आणि मला मालवणचे आबा आठवले.

मी बँकेत होतो. निवृत्तीच्या आधी सात-आठ वर्षं मालवणला बदली झाली तेव्हा घरात सुतक असल्यासारखं वातावरण. अव्वाने समुद्र कधी बघितलेला नाही आणि बघायची इच्छाही नाही, तिचं म्हणणं एवढं पाणी एका जागी असू नये. बायकोची इथे शाळेत नोकरी, पोरं कॉलेजला, म्हणून मी एकटाच गेलो. सोलापूर-कोल्हापूर एक एसटी, मग राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवली, तिथून मालवण. घाट उतरल्यावर हवा बदलते म्हणतात, माझा तर चष्माच धुरकटला. आमच्याकडे वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तर शेतकरी पेढे वाटतो, तिथे तीन हजाराच्या आसपास पडतो आणि लोक छत्री विसरून बाजारात जातात.

बंदराच्या बाजूला एका घराची मागची खोली भाड्याने मिळाली. घरमालक आबा, पूर्वी स्वतःची होडी होती, गाबित समाजातले, आता पोरगा बघतो. आबांच्या बायकोने, म्हणजे काकींनी, पहिल्याच दिवशी विचारलं, "मासे चलतत मां?" मी म्हणालो, नाही हो, आम्ही लिंगायत, पूर्ण शाकाहारी. काकी माझ्याकडे बघत राहिल्या, मग आबांकडे बघितलं, आणि अगदी मनापासून विचारलं, "मगे मालवणाक कित्याक इलास?"

याला उत्तर नव्हतं. पण त्यांनी मला तीन वर्षं काळ्या वाटाण्याचं सांबार, कुळथाची पिठी, घावणे, फणसाची भाजी आणि सोलकढी यावर व्यवस्थित जगवलं. खापरोळी नावाचा एक प्रकार असतो, जाडजूड जाळीदार, गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायचा. तो पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला जरा वाईट वाटलं, आपल्याकडे गोड म्हणजे शेंगापोळीच्या पुढे गाडी जात नाही.

पहिल्या महिन्यातली गोष्ट. रविवार होता, शाखेतल्या एका पोराची स्कूटर मागून घेतली आणि चिवला बीचवर गेलो. सकाळचे नऊ वाजले असतील, एवढी मोठी मोकळी वाळू, ओली आणि घट्ट, रस्त्यासारखी. मी आरामात स्कूटर वाळूवर नेऊन स्टँडला लावली आणि लांब जाऊन बसलो कारण तिकडे रापण ओढत होते.

रापण मी तोवर फक्त ऐकली होती. एक होडी जाळं सोडत सोडत समुद्रात अर्धगोल मारून येते, जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्ही दोरांना पंधरा-वीस पंधरा-वीस माणसं. पुरुष, बायका, शाळकरी पोरं, एक म्हातारा नुसता हात लावून चाललेला. पाय वाळूत रोवायचे, मागे झुकायचं, ओढायचं, मग शेवटचा माणूस दोर सोडून पुन्हा पुढे पाण्याकडे जातो आणि पहिला होतो. मला कुणीतरी हाताने खुणावलं. मी पॅन्ट दुमडून शिरलो. दोर ओला, खारट आणि काथ्याचा, दहा मिनिटांत तळहाताला फोड. जवळजवळ दीड तास ओढत होतो, आणि गंमत म्हणजे सगळा वेळ वाटतं की काहीच हलत नाहीये, मग अचानक दोन्ही ओळी एकमेकींजवळ यायला लागतात, वर पक्षी गोळा होतात, आणि जाळ्याचा मधला फुगा वाळूवर आला की तो जिवंत असतो, तडतड तडतड आवाज येतो, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा.

मग वाटे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. हातभार लावायला आलेल्यालाही रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. माझ्या हातात पिशवी आली, चार-पाच बांगडे आणि मूठभर तारल्या, अजून उड्या मारताहेत. आयुष्यात स्वतःच्या हाताने कमावलेली पहिली मासळी आणि मी लिंगायत. बँकेत इतकी वर्षं पगार घेतला पण इतका अवघडलो नव्हतो कधी.

ती पिशवी धरून परत वळलो तर स्कूटर समुद्रात. म्हणजे पूर्ण नाही, चाकं अर्धी. पण मी लावली तेव्हा पाणी शंभर पावलं लांब होतं, शपथ. मी धावलो, पिशवी पडली, दोन बांगडे परत घरी गेले. रापणीवरच्या चार पोरांनी हसत हसत स्कूटर उचलून वर आणली. त्यात आबा कुठून आले माहीत नाही, कमरेवर हात ठेवून उभे.

"आज तिथी काय?"

मला कुठली तिथी माहीत.

"चतुर्थी. चार पाऊण तीन. तीनाक भरती, म्हणजे नवाक ओहोटी. तुम्ही ओहोटीत गाडी लावलास, आता भरतीचो काय दोष?" आणि मग जरा थांबून, "बँकेत हिशोब करतास मां? मगे ह्यो पण हिशोबच."

चार पाऊण तीन! मी पाण्यात उभा राहून थक्क झालो. कारण पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, मला पाठ होती. आमचे वडील मिलमध्ये कामाला होते, शाळा चौथीपर्यंत, पण पावकी-निमकी-पाऊणकी-सवायकी-दिडकी त्यांनी आम्हा भावंडांकडून घोकून घेतली होती, मिलचा भोंगा झाला की ते येणार आणि आल्यावर विचारणार म्हणून आम्ही भोंग्याच्या आधी पाच मिनिटं बसून म्हणायचो. दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. आयुष्यात कधीही तिचा उपयोग झाला नाही. कॅल्क्युलेटर आला, कॉम्प्युटर आला, मिल बंद पडली, वडील गेले. आणि पन्नाशी उलटल्यावर चिवला बीचवर कळलं की ही पाऊणकी म्हणजे समुद्राचं टाइमटेबल आहे.

नियम साधा. त्या दिवशीची तिथी घ्या, पाऊणपट करा, आली ती भरतीची वेळ. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, रोज सुमारे पाऊण तास पुढे, कारण चंद्र तेवढा पुढे सरकतो. पौर्णिमा झाली की परत प्रतिपदेपासून मोजायचं. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती, अष्टमीला भांगाची, म्हणजे पाणी फार चढत नाही फार उतरतही नाही. थोडं इकडेतिकडे होतं पण कोण घड्याळ लावून बसलंय. त्यानंतर मी रोज सकाळी कालनिर्णय बघून पाऊणपट करायला लागलो आणि संध्याकाळी बँक सुटल्यावर बंदरावर जाऊन खरं-खोटं करायला लागलो. रोज खरं. माझ्यासारख्या माणसाला, ज्याचं अर्धं आयुष्य पाणी कधी येणार या एका प्रश्नात गेलंय, त्याला पाणी वेळेवर येताना बघून जे काही वाटलं ते सांगून कळायचं नाही.

मालवणात सगळं गाव त्या वेळेवर चालतं, निदान जुनं गाव. किल्ल्याची होडी, मासे उतरवणं, लिलाव, मुलांचं पोहणं. आमच्या शाखेतसुद्धा कर्जाच्या हप्त्याला कोण कधी येणार ते मी महिनाभरात ओळखायला लागलो. जून-जुलैला कुणीच यायचं नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, सरकारी नियम, होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या, आणि माणसं नुसती अंगणात बसून जाळी शिवत असतात. कागदावर १ ऑगस्टला बंदी उठते. पण आबांसारखी जुनी माणसं नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय मनातून समुद्र उघडलाय असं धरत नाहीत.

नारळी पौर्णिमेला बाजारातून वाजतगाजत मिरवणूक बंदरावर येते. किल्ल्यावरच्या मानाच्या नारळाचा मान आधी, मग व्यापाऱ्यांचा नारळ, मग सगळ्या गावाचे. किल्ला म्हणजे सिंधुदुर्ग, समोरच, कुरटे बेटावर, शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाभरणी केली तो. पहिल्या वर्षी मी हिशोब करून गेलो होतो. पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमाराला ऐन ओहोटी. मी आबांना म्हणालो, एवढा मोठा सण आणि पाणी उतरलेलं असताना कसा काय? आबा म्हणाले, भरतीत टाकलेलो नारळ परत पायाशी येता, ओहोटीत टाकलेलो आत जाता. आता हे शास्त्र की आबांचं आबांनीच केलेलं स्पष्टीकरण, माहीत नाही. पण त्या दिवशी नारळ आत जाताना मी बघितले, आणि त्यांच्यामागे पोहत जाऊन ते पकडणारी पोरंही बघितली.

त्याच दिवशी बंदरावर नारळ लढवतात. एकीने मुठीत नारळ धरायचा, दुसरीने आपल्या नारळाने वरून ठोका द्यायचा, ज्याचा फुटला तो हरला. काकी यात तरबेज. नारळ विकत घेताना त्या कानाजवळ नेऊन हलवायच्या, नखाने टिचकी मारायच्या, शेंडीकडे बघायच्या, मी सोनं घेताना इतकं बघत नाही. त्या वर्षी त्या सात नारळ जिंकल्या आणि आठव्या ठोक्याला हरल्या, एका शाळेतल्या मुलीकडून. रात्री नारळीभात खाताना तेवढी एकच गोष्ट बोलत होत्या.

एक सांगायला हवं. कोकणाबद्दल लिहिताना लोकांच्या पेनातून साखर गळते. निळा समुद्र, साधी माणसं, देवमाणसं वगैरे. माणसं सोलापूरच्याइतकीच साधी आणि तितकीच वाकडी असतात. भावाभावात बांधावरून पंधरा वर्षं अबोला, तोही जेमतेम सहा इंचांच्या बांधावरून, मी स्वतः दोघांची वेगवेगळी खाती सांभाळलीत. आणि पाणी! तीन हजार मिलिमीटर पाऊस, दारात समुद्र, आणि एप्रिल संपता संपता काकींची बाव मचूळ. बाव म्हणजे विहीर. किनाऱ्यालगत विहिरीतलं गोडं पाणी कमी झालं की खारं आत सरकतं. मेमध्ये टँकर यायचा आणि मला काकी घागरी लावताना दिसल्या की घरी आल्यासारखं वाटायचं. गंमत म्हणजे समोर भर समुद्रात किल्ल्यावर तीन विहिरी आहेत, दूधबाव, साखरबाव, दहीबाव, आणि तिन्ही गोड्या पाण्याच्या. नावं ठेवणाऱ्याला पाण्याची किंमत माहीत होती हे नक्की. ज्याने दुष्काळ बघितलाय तोच पाण्याला दूध म्हणतो.

मालवणातली आणखी एक गोष्ट मला शेवटपर्यंत पचली नाही, ती म्हणजे आंगणेवाडीची जत्रा. मसुऱ्याजवळची आंगणेवाडी, भराडी देवी. जत्रा प्रचंड, मुंबईहून रेल्वे-बस भरभरून लोक येतात. पण तारीख कुठल्याही कॅलेंडरात नाही. भातकापणी झाली की गावकरी देवीला कौल लावतात आणि देवी सांगेल तो दिवस. तारीख फुटली की तासाभरात मुंबईत फोन, तिकिटं, रजेचे अर्ज. आमच्या शाखेतला शिपाई दिवाळीपासून रजेचा अर्ज लिहून खिशात ठेवायचा, फक्त तारखेची जागा कोरी. जवळच्याच आचऱ्याला तर काही वर्षांनी गावपळण असते, देवाचा कौल झाला की सगळं गाव, गुरं-कोंबड्या-कुत्री धरून, तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. मी म्हणायचो, हे कसं चालतं? तारीख आधी माहीत नाही आणि कुणी चिडत नाही? आणि मग स्वतःलाच हसायचो. आमच्याकडेही तारीख माहीत नसतेच की, फक्त आमचा कौल चावीवाला देतो.

आमची जत्रा मात्र घड्याळासारखी. सिद्धेश्वरांचा गड्डा. संक्रांत सूर्यावर चालते त्यामुळे फार हलत नाही, जानेवारीच्या मध्यावर ठरलेलीच. भोगीच्या आदल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता, संक्रांतीला होम, मग दारूकाम, मग कप्पडकळ्ळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रं उतरवणं. अक्षता म्हणजे लग्न, सिद्धेश्वर महाराजांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी. कुंभाराच्या मुलीला महाराजांशी लग्न करायचं होतं, ते योगी, त्यांनी योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, अशी कथा. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते सात उंच नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यावर तोलत बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यापासून चालत येतात, आणि काठी झुकायला लागली की सगळ्या रस्त्याचा श्वास अडकतो. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, त्या महाराजांचं सगळ्यात मोठं काम काय, तर बाराव्या शतकात लोकांना हाताशी धरून तळं खोदलं. त्यांचं देऊळ आजही त्याच तळ्यात उभं आहे. ज्या गावचा देव तळं खोदणारा, त्या गावचे लोक रात्री दोनला पाइप धरून बसतात, यावर अव्वा म्हणते, देवाने एकदा करून दाखवलं, रोज रोज तोच करेल का.

मी परत आल्यावर दोन वर्षांनी आबा आणि काकी देवदर्शनाला निघाले. कोकणातल्या माणसाचा हा ठरलेला फेरा, पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर. मी हट्ट केला की सोलापूरला राहा आणि गड्ड्याच्या वेळीच या. आले. काकींनी आमच्या अव्वासाठी मालवणी खाजं आणलं होतं, गुळाचं, आल्याचं, अव्वाच्या दातांना ते काही झेपलं नाही पण चघळून चघळून संपवलं. काकी मालवणीत बोलणार, अव्वा कानडी मराठीत, दोघी एकमेकींना एक शब्द न कळता तासन् तास बोलायच्या. कडक भाकरी बघून काकी म्हणाल्या, "ह्या कौल काय?" पण शेंगाचटणीबरोबर तीन खाल्ल्या.

भोगीचा दिवस. बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, अव्वाची पूजा झालेली, अक्षता वाटीत काढून ठेवलेल्या, आम्ही चौघं संमती कट्ट्याकडे निघायच्या तयारीत. अक्षता दुपारी असतात, गर्दीमुळे लवकर निघावं लागतं. चपला घातल्या आणि समोरच्या काकू ओरडल्या. नीळ्ळु वच्चिनय.

पाचवा दिवस होता. घरात पाहुणे. हौद रिकामा, इतका की त्यात आवाज घुमत होता. सगळी गल्ली नटूनथटून दारात उभी आणि नळ खोकतोय. कुणी म्हणालं चावीवाल्याला आजचाच दिवस मिळाला का, कुणी म्हणालं त्यालाही लवकर काम उरकून गड्ड्याला जायचं असेल. अव्वा एका सेकंदात म्हणाली, तुम्ही जावा, मी भरते. एक्याऐंशी वर्षांची, तेव्हा थोडी कमी. आणि काकींनी पदर खोचला. नवी कोरी साडी होती, खास आजसाठीची. मी नको नको म्हणतोय तोवर त्यांच्या हातात घागर.

मी आणि आबा गेलो. रस्त्यात आबांनी चावीवाल्याची चौकशी सुरू केली. पाणी कोण सोडता? चावीवाला. तेका कोण सांगता? वरून सांगतात. वर कोण? साहेब. साहेबाक कोण सांगता? धरणात किती पाणी आहे त्यावर. धरण कशावर? पावसावर. आबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मगे आमचो चंद्रच बरो. मधी कोण नाय."

संमती कट्ट्याभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" झालं की अंगावर काटा येतो, मला अजून येतो, त्याचं कौतुक नाही, लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ऐकलंय. मग संमतीचं वाचन, सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम, आणि चारी बाजूंनी तांदळाचा पाऊस. आबांनी टाकलेल्या अक्षता पुढच्या माणसाच्या टोपीतच पडल्या बहुतेक. घरी आलो तर हौद काठोकाठ, दोघी ओल्या, टीव्हीवर केबलचं लाइव्ह चालू ठेवलेलं. अव्वाने सांगितलं की दिड्डम ऐकू आलं तेव्हा आम्ही दोघी हौदापाशीच होतो, आत जाऊन टाकायला वेळ नव्हता, तिथेच टाकल्या. पुढचे चार-पाच दिवस पाणी उपसताना हौदाच्या तळाशी पिवळे तांदूळ दिसत होते. कुणी काढले नाहीत.

नारळी पौर्णिमेला आता मी इथेच असतो. त्या दिवशी आमच्या पूर्व भागात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, पद्मशाली समाजाचा. समोरच्या काकूंच्या घरी नवं जानवं, नवे कपडे, सकाळपासून गडबड. मिरवणुकीत एका गाडीवर हातमाग मांडलेला असतो आणि चालत्या गाडीवर विणकर कापड विणत असतो, धोटा इकडून तिकडे, गाडी खड्ड्यात हबकली तरी धागा तुटत नाही. मला तो माग बघायला फार आवडतं. अर्ध्या गल्लीचं पोट त्यावर चाललेलं आहे, चादर, टॉवेल, आणि आमच्या वडिलांचं मिलवर चाललं तेही त्याच सुतावर. बघता बघता मी मनात पंधरा पाऊण सव्वाअकरा करतो आणि मग फोन लावतो. पलीकडे वारा आणि ढोल. काकी नेहमी आधी नारळाचा स्कोअर सांगतात.

मी प्रयत्न करून बघितला, खोटं कशाला सांगू. परत आल्यावर एका वहीत वर्षभर पाणी यायच्या तारखा आणि वेळा लिहिल्या. तिथी लिहिली, वार लिहिला, कुणीतरी सुचवलं म्हणून चावीवाल्याच्या ड्यूटीचा नंबर लिहिला. कशाचीच पाऊणपट जुळेना. शेवटच्या पानावर पोराने लिहून ठेवलंय, बाबा जावा झोपा. गल्लीचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर दर चौथ्या दिवशी संध्याकाळपासून तोच मेसेज, आज आहे का? आणि खाली दहा जणांचे दहा अंदाज. तीच वही मी काल मांडीवर घेऊन बसलो होतो, पाणी पावणेदोन, असं लिहिलं.

आज सकाळी आबांचा फोन आला. गुडघा दुखतोय, पोराने होडीला नवं इंजिन घेतलं, नेहमीचं. मग त्यांचा ठरलेला प्रश्न.

"पाणी इला?"

आलं म्हटलं, रात्री पावणेदोनला. ते हसले. आज तिथी काय, मी विचारलं, त्यांना बरं वाटतं म्हणून.

"सप्तमी."

"सात पाऊण सव्वापाच."

"शाबास. मगे संध्याकाळी सव्वापाचाक फोन करा, आवाज ऐकवतंय."

आता पाच वाजून दहा मिनिटं झालीत. चहा ठेवलाय. समोरच्या काकू मघाशी सांगून गेल्या की मागच्या गल्लीला चावीवाला दिसला, आज परत सोडणार म्हणे, गड्ड्यासाठी जादाचं. अव्वाने पिंपावरचं फडकं काढून ठेवलंय.